डिस्क भरली कशाने?



गणपतीचा कार्यक्रम असो, दिवाळीचे एकत्र जेवण असो, गप्पा रंगात आल्या की कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतेच, "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? आमचा लॅपटॉप डिस्क भरली म्हणतोय. काय करू?" मी कॉम्प्युटरवाला नाही, पदार्थविज्ञानवाला आहे, हे सांगून काही उपयोग होत नाही. पीएच.डी. झालेल्या माणसाला एवढेही येऊ नये, असा भाव समोरच्या चेहऱ्यावर उमटतो. त्यामुळे गेली काही वर्षे मी निमूटपणे लॅपटॉप मांडीवर घेतो.

पण माझी तक्रार त्या प्रश्नाबद्दल आहे. "काय करू?" हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न "कशाने भरली?" हा असायला हवा, आणि तो जवळपास कोणीच विचारत नाही. याचे कारण असे की बाजारात मिळणारी तिन्ही उत्तरे आत न पाहताच देता येतात. दुकानदार बाहेरून जोडायची डिस्क विकतो. फोन आणि संगणक बनवणाऱ्या कंपन्या दरमहा काही युरो घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर जागा देतात, आणि ते भाडे आयुष्यभर चालू राहते. तिसरे उत्तर म्हणजे नवा लॅपटॉप. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला तेव्हा "नाहीतरी डिस्क भरलीच होती" म्हणून धडधाकट यंत्रे अडगळीत टाकलेली मी आमच्याच गावात पाहिली. घरात जागा उरली नाही म्हणून कोणी माळ्यावर न डोकावता नवे घर घेत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण अगदी तेच करतो, आणि स्वतःला विज्ञाननिष्ठ म्हणवणारे आपण त्याला व्यवहार म्हणतो.

खरे तर माळ्यावर डोकावण्याची सोय फार जुनी आहे. युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत 'डीयू' नावाची आज्ञा होती: कोणत्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते सांगणारी. ती आजही लिनक्सवर आणि मॅकवर तशीच चालते. तिची अडचण एवढीच की ती आकड्यांची लांबच लांब यादी देते, आणि यादी वाचून माणसाला काही दिसत नाही.

ती अडचण सोडवली अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठाच्या बेन श्नायडरमन यांनी. १९९० साली त्यांच्या प्रयोगशाळेतली ८० मेगाबाइटची डिस्क १४ जण मिळून वापरत होते आणि ती भरली होती. (८० मेगाबाइट! आज लग्नातल्या दोन मिनिटांच्या व्हिडिओलाही त्याहून जास्त लागते.) कोणी किती जागा अडवली आहे हे एका दृष्टिक्षेपात कसे कळेल, या ध्यासातून त्यांनी एक चित्र काढले. सगळी डिस्क म्हणजे एक मोठा आयत, प्रत्येक फोल्डर म्हणजे त्यातला लहान आयत, त्याच्या पोटात आणखी लहान आयत, आणि प्रत्येकाचे क्षेत्रफळ त्याच्या आकारमानाएवढे. सातबाऱ्यावरच्या आकड्यांऐवजी गावाचा नकाशाच समोर ठेवावा, तसे. या चित्राला ट्रीमॅप म्हणतात. आज शेअर बाजारापासून सरकारी अंदाजपत्रकापर्यंत सगळीकडे हे चित्र दिसते, पण त्याचा जन्म एका भरलेल्या डिस्कपोटी झाला.

पुढे नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या विद्यापीठात या आयतांना उशीसारखा फुगीरपणा देण्याची युक्ती निघाली, त्यामुळे कुठला आयत कुठल्या फोल्डरमधला ते डोळ्याला चटकन कळू लागले. आणि मग जर्मन मंडळींनी हे काम मनावर घेतले. श्टेफान हुंडहामर यांनी लिनक्सच्या केडीई या मोफत प्रणालीसाठी 'केडरस्टॅट' लिहिले. ते पाहून बर्नहार्ड झायफर्ट आणि ऑलिव्हर श्नायडर यांनी विंडोजसाठी 'विनडरस्टॅट' केले. ट्रिअरच्या एका छोट्या कंपनीचे 'ट्रीसाइझ' १९९० च्या दशकापासून चालू आहे. हार्ड डिस्कच्या आत काय आहे हे सामान्य माणसाला दाखवणाऱ्या प्रसिद्ध साधनांपैकी इतकी साधने जर्मनीतून यावीत, हा योगायोग असेलही. पण ज्या देशात तळघरातल्या फळणीवरच्या प्रत्येक बरणीवर तारखेची चिठ्ठी असते तिथे हे घडावे याचे मला फारसे आश्चर्य वाटले नाही.

विनडरस्टॅट मोफत आहे, त्याची संहिता खुली आहे. चालू केले की डिस्क मोजून होईपर्यंत छोटे पिवळे पॅकमॅन पडद्यावर फिरत राहतात, मुलांना ते फार आवडतात. मग ते रंगीत चित्र उमटते आणि लॅपटॉपचा मालक हमखास एकच वाक्य म्हणतो: "अरे, हे काय आहे?"

काय असते ते? फोटो आणि व्हिडिओ असणार हे सगळ्यांना ठाऊक असते. आश्चर्य बाकीच्याचे असते. लॅपटॉप हायबरनेट करताना मेमरीतले सगळे जसेच्या तसे लिहून ठेवण्यासाठी विंडोजने राखलेली 'हायबरफिल' नावाची काही गिगाबाइटची फाइल. विंडोजची मोठी सुधारणा झाल्यावर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाने मागे राहिलेली जुनी विंडोज (ही काही दिवसांनी आपोआप जाते, पण नेमकी त्याच दिवसांत माणसे घाबरून नवी डिस्क घेतात). तीन वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या आयफोनचा संपूर्ण बॅकअप. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये एकाच प्रोग्रामची सेटअप फाइल चार वेळा, नावापुढे कंसात एक, दोन, तीन. आणि भारतातल्या नातेवाइकांच्या फोनमधून 'सुरक्षित राहावे' म्हणून उतरवून घेतलेले व्हॉट्सअॅपचे फोल्डर. त्यातल्या गुलाबांच्या आणि उगवत्या सूर्यांच्या 'शुभ सकाळ'ला आपण हसतो, पण भारतातले स्मार्टफोन रोज का भरतात हे शोधताना गूगलच्या लोकांना हेच सापडले होते, अशी बातमी वॉल स्ट्रीट जर्नलने जानेवारी २०१८ मध्ये दिली होती. अशी चित्रे ओळखून ती काढून टाकायला सुचवणारे अॅपही गूगलने काढले.

यातले काय पुसावे हे मी इथे सांगत नाही, एक पथ्य सोडून: विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमधले हाताने काही पुसू नये, त्यासाठी विंडोजमध्येच 'डिस्क क्लीनअप' आणि 'स्टोरेज'ची सोय आहे. पुसणे सोपे असते. आमच्या पेशात तर पुसता येतच नाही अशी परिस्थिती असते. जर्मन संशोधन परिषदेने, म्हणजे डीएफजीने, १९९८ साली घालून दिलेल्या शिफारशींपासून संशोधनाची मूळ मोजमापे दहा वर्षे जपून ठेवायची असा दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. पण मग काय जपायचे आणि काय नाही हे कळण्यासाठी आत काय आहे ते आधी माहीत हवे. पीएच.डी. संपवून विद्यार्थी निघून जातो आणि 'नवीन', 'नवीन_शेवटचे', 'नवीन_शेवटचे_खरे' अशा तीन फोल्डरांत तीन वेळा तीच मोजमापे ठेवून जातो. कोणाचीच हिंमत होत नाही, आणि संस्था आणखी डिस्का विकत घेते.

आता मुद्द्याकडे येतो. चित्र पाहून झाले की मी सगळ्यांना एक बेरीज करायला लावतो. चित्रात दिसणाऱ्या फाइलींची बेरीज आणि डिस्कवर 'वापरलेली' म्हणून दाखवलेली जागा, हे दोन आकडे शेजारी लिहा. बहुतेक वेळा ते जुळत नाहीत. प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला सगळ्यात जास्त रस याच फरकात असतो. हिशेब जुळला तर प्रश्नच संपतो.

फरकाची साधी कारणे पुष्कळ आहेत. ५०० गिगाबाइटची डिस्क घेतली आणि विंडोज ४६५ च दाखवते, यात कोणी चोरी केलेली नसते. डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ या रचनेत पाच टक्के जागा मूळ व्यवस्थापकासाठी राखलेली असते. विंडोजमध्ये एकच फाइल दोन-तीन ठिकाणी दिसते पण प्रत्यक्षात एकदाच ठेवलेली असते, त्यामुळे बेरीज उगाच फुगते. उलट 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या फोल्डरमध्ये जुन्या स्थितीच्या प्रती असतात आणि साध्या वापरणाऱ्याला तो उघडताच येत नाही, त्यामुळे बेरीज कमी भरते. आमच्या संस्थेत एकदा सर्व्हर भरला आणि कोणत्याच फोल्डरमध्ये काही सापडेना. शेवटी कळले की एका प्रोग्रामची भलीमोठी नोंदवही कोणीतरी पुसली होती, पण प्रोग्राम ती उघडी धरून लिहीतच होता. यादीतून नाव गेले होते, जागा मात्र अडलेलीच होती. प्रोग्राम बंद केला आणि सर्व्हर क्षणात मोकळा झाला.

पण सगळी कारणे इतकी निरागस नसतात. २००५ साली सोनी बीएमजी या संगीत कंपनीने आपल्या काही सीडींबरोबर एक प्रोग्राम दिला. गाण्यांच्या नकला होऊ नयेत हा हेतू. सीडी संगणकात घातली की तो प्रोग्राम आत बसे आणि ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक फाइल विंडोजच्या नजरेआड करी. त्या फाइली डिस्कवर असत, पण मालकाने कितीही शोधले तरी यादीत येत नसत. मार्क रसिनोविच या जाणकाराने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी हे उघडकीला आणले. त्यांनी वापरलेली रीत आपल्या बेरजेसारखीच होती: विंडोज जे सांगते आणि डिस्कवर प्रत्यक्ष जे आहे त्यांची तुलना करायची आणि फरक पाहायचा. कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या.

आज लपवाछपवीची गरजही फारशी उरलेली नाही. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' नावाची सोय जाहीर केली: दर काही सेकंदांनी तुमच्या पडद्याचा फोटो काढून डिस्कवर ठेवायचा, म्हणजे पुढे कधीही काय पाहिले होते ते शोधता येईल. २५६ गिगाबाइटच्या डिस्कवर त्यासाठी २५ गिगाबाइट राखायचे. एवढा गदारोळ झाला की कंपनीने ते पुढे ढकलले. एप्रिल २०२५ मध्ये ते आले तेव्हा, आपण चालू केले तरच चालू होईल, अशा रूपात आले. ओरडा झाला म्हणून निदान एवढे तरी झाले. ओरडा करणाऱ्यांना आपल्या डिस्कवर काय ठेवले जाते याची पर्वा होती.

इथपर्यंत आकाराची गोष्ट झाली. पण ट्रीमॅपच्या चित्रात एक मोठी गोम आहे: ते फक्त आकार दाखवते. मोठे ते ठळक, लहान ते अदृश्य. ज्ञानेश्वरीचे उदाहरण घ्या. सुमारे नऊ हजार ओव्या. एका ओवीला साधारण साठ चिन्हे धरली आणि युनिकोडच्या रूढ पद्धतीत एका देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात हे लक्षात घेतले, तर सगळी ज्ञानेश्वरी दीड-पावणेदोन मेगाबाइटमध्ये मावते. म्हणजे फोनने काढलेल्या एका फोटोपेक्षा कमी. आपल्यापैकी कित्येकांच्या डिस्कवर वडिलांनी १९९० च्या दशकात कुठल्या तरी जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या आठवणी, पत्रे, लेख पडून आहेत. तो फाँट नसल्यामुळे उघडले तर अगम्य अक्षरे दिसतात. चित्रात त्यांचा ठिपकाही उमटत नाही आणि 'साफसफाई'त त्या सगळ्यात आधी जातात. त्या आधी युनिकोडमध्ये आणा, मग काय ती सफाई करा.

जी गोष्ट मोलाच्या फाइलींची, तीच घातक फाइलींची. त्याही छोट्याच असतात.

ऑक्टोबर २०११ मध्ये जर्मनीत एक प्रकरण गाजले. केऑस कॉम्प्युटर क्लब ही इथली जुनी, सरकारला धारेवर धरणारी संगणकतज्ज्ञांची संघटना. तिच्याकडे काही हार्ड डिस्क आल्या होत्या, फौजदारी तपासात सापडलेल्या लोकांच्या. त्यांत क्लबला एक छोटा प्रोग्राम सापडला. तो होता पोलिसांचा. इंटरनेटवरून होणारी संभाषणे ऐकण्यापुरती न्यायालयाची परवानगी घेऊन तो संगणकात बसवला जाई. प्रत्यक्षात तो पडद्याचे फोटो काढू शकत होता, आणि मुख्य म्हणजे बाहेरून आणखी कोणतेही प्रोग्राम आणून चालवू शकत होता. सुरक्षा इतकी कच्ची होती की पोलिसांखेरीज तिसऱ्याच कोणाला त्याचा ताबा घेता आला असता, हे क्लबने करून दाखवले. याचा अर्थ क्लबने स्पष्ट शब्दांत मांडला: ज्या संगणकात हा प्रोग्राम होता, त्यावर खोटा पुरावा ठेवणेही शक्य होते. फ्रांकफुर्टर आल्गेमाइनेच्या रविवारच्या अंकाने त्या प्रोग्रामची संहिता पानेच्या पाने छापली. वर्तमानपत्राच्या सांस्कृतिक पुरवणीत यंत्रभाषा छापून येणे ही मला आजही या देशातली एक फार सुंदर गोष्ट वाटते.

हे गाजले याला पार्श्वभूमी होती. २७ फेब्रुवारी २००८ रोजी कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने एक नवा मूलभूत हक्क मान्य केला होता: नागरिकाच्या संगणकाची गोपनीयता आणि अखंडता. म्हणजे आतले कोणी वाचू नये एवढेच नव्हे, आत कोणी ढवळाढवळही करू नये. जर्मनीत यामुळे सगळे आलबेल झाले असे नाही. २०१७ मध्ये गुन्हे तपासासाठी अशाच प्रोग्रामना वाट करून देणारा कायदा झालाच. पण वाद करायला हक्काचे नाव तरी हाताशी होते.

आता पुण्याकडे वळू. ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला हिंसाचार झाला. पुणे पोलिसांनी तपास हाती घेतला. १७ एप्रिल २०१८ रोजी रोना विल्सन यांच्या दिल्लीतल्या घरी झडती झाली, संगणक जप्त झाला. ६ जून २०१८ रोजी त्यांच्यासह सुधीर ढवळे, सुरेंद्र गडलिंग, शोमा सेन आणि महेश राऊत यांना अटक झाली. या खटल्यातला सगळ्यात गाजलेला पुरावा म्हणजे विल्सन यांच्या डिस्कवर सापडलेली पत्रे.

बचाव पक्षाच्या वकिलांनी त्या डिस्कची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक तपासणी करणाऱ्या संस्थेला दिली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अहवाल म्हणतो: १३ जून २०१६ रोजी एका ईमेलच्या जोडपत्रातून नेटवायर नावाचा, दुरून संगणक चालवू देणारा प्रोग्राम विल्सन यांच्या संगणकात शिरला, आणि जप्तीपर्यंत सुमारे २२ महिने त्यांचा संगणक दुसऱ्याच्या ताब्यात होता. 'आरबॅकअप' नावाचा एक लपवलेला फोल्डर तयार करून दहा पत्रे त्यात बाहेरून ठेवली गेली. ती पत्रे त्या संगणकावर कधी उघडली गेल्याची खूण नाही. ती वर्डच्या २०१० किंवा २०१३ च्या आवृत्तीतून पीडीएफ केलेली होती, विल्सन यांच्या संगणकावर मात्र वर्ड २००७ होते.

ही बातमी देणाऱ्या वॉशिंग्टन पोस्टने अहवाल बाहेरच्या तीन तज्ज्ञांना दाखवला, त्यांना निष्कर्ष ग्राह्य वाटले. जानेवारी २०२० पासून तपास असलेल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेने, एनआयएने, तो मान्य केला नाही. हा वाद न्यायालयात साक्षीपुरावा होऊन निकालात निघायला हवा होता. तो निघाला नाही, कारण खटलाच उभा राहिला नाही. याच खटल्यातले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच वारले. विल्सन आणि ढवळे यांना मुंबई उच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२५ रोजी जामीन दिला, तेव्हा त्यांना तुरुंगात साडेसहा वर्षे झाली होती आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती.

आरोपींची मते तुम्हाला पटोत वा न पटोत. आपल्या मंडळातही या खटल्यावरून मतभेद आहेत आणि ते असू देत. मला इथे दिसते ते एवढेच की एका माणसाच्या डिस्कवर त्याला माहीत नसलेला फोल्डर असू शकतो, तो कोणी ठेवला हे फोल्डरकडे नुसते पाहून कळत नाही, आणि "तुझ्या डिस्कवर सापडले म्हणजे तुझेच" हे विधान तपासायला सक्षम असे लोक आपल्या न्यायव्यवस्थेत पुरेसे आहेत का, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. दहा पत्रे म्हणजे काही मेगाबाइटही नव्हेत. विनडरस्टॅटच्या चित्रात ती टाचणीच्या टोकाएवढीही दिसली नसती.

"मग ते चित्र पाहून काय मिळाले?" असे कोणी म्हणेल. साधे उत्तर असे की व्यवस्थित ओळखीच्या घरात परकी वस्तू उठून दिसण्याची शक्यता असते, अडगळीच्या घरात ती नसते. महिन्यातून एकदा आपल्या डिस्कचा नकाशा पाहणाऱ्याला कोणता फोल्डर नवा आहे एवढे तरी कळते. याने मुरलेला घुसखोर सापडेलच असे नाही, हेही खरे. त्याच्यासाठी तज्ज्ञ लागतात आणि कायदा लागतो.

कायद्याबद्दल एक बरी बातमी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचे त्यात 'हॅश' नोंदवायला सांगितले आहे. हॅश म्हणजे संपूर्ण डिस्कवरच्या मजकुरातून गणिताने काढलेला एक छोटा आकडा. आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी आकडा पूर्ण बदलतो. जप्तीच्या क्षणी तो काढून आरोपीच्या हाती दिला, तर पुढे डिस्कमध्ये ढवळाढवळ झाली की नाही हे शाळकरी मुलगाही पडताळू शकतो. जप्तीच्या आधी कोणी काही ठेवले असेल तर मात्र हॅशचा उपयोग नाही. आर्सेनलच्या अहवालातला आरोप नेमका तोच आहे. त्यासाठी डिस्कची हुबेहूब प्रत आरोपीला लगेच मिळायला हवी आणि आपल्या पसंतीच्या तज्ज्ञाकडून ती तपासून घेण्याचा हक्क हवा, खटला उभा राहण्याची वाट न पाहता.

हे फार वेळखाऊ आहे, पोलिसांना जागेवर शक्य नाही, असा आक्षेप मी ऐकला आहे. गणित करून पाहा. ५०० गिगाबाइटची डिस्क, सेकंदाला १०० मेगाबाइट हा साधारण वेग. ५००० सेकंद, म्हणजे दीड तासाच्या आत हॅश निघतो, आणि तेवढ्याच वेळात प्रतही निघू शकते. पंचनामा लिहून पंचांच्या सह्या होईपर्यंत तेवढा वेळ तसाही जातो.